रिकाम्या खाटेचा चार्ज

दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. जखम बांधता बांधता ते आपसूक कानावर येतात. मी चौथीतून शाळा सोडलेला, चारचौघांत बोलायला लाजतो, म्हणून लिहून काढतोय. निजामाच्या राज्यात उमरग्याकडच्या एका दवाखान्यात मी ड्रेसर होतो, तेव्हाचे हे.

आमच्या थोरल्या नर्सबाई यमुनाबाई हैदराबादला सहा महिने शिकून आल्या आणि रोज दुपारी आमचाच वर्ग घेऊ लागल्या. मलाही बसवायच्या. "शाळा सोडलीस ना? मग आता बस."

कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेशी उभं राहून, रोगी आहे असं समजून पुढच्या पाळीच्या बाईला देतात तसा चार्ज द्यायचा. नाव, गाव, दुखणं, करायचं काय. मोठ्यानं. पुटपुटणाऱ्या बाईचं वॉर्डात कुणी ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं धाकट्या नर्स काशीबाईसाठी चाललं होतं. यमुनाबाई पेन्शनीत जाणार होत्या, त्यांची जागा हिला मिळावी म्हणून. काशीबाई विधवा, दवाखान्याची खोली हेच तिचं घर. मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, बडे डॉक्टर येतील, त्यांच्यापुढं ती बोलली नाही तर बाहेरची बाई येणार आणि हिची खोली जाणार. आणि काशीबाईचा आवाज तर खाटेच्या पलीकडं जात नव्हता.

*

पहिल्या दिवशी ती कशीबशी म्हणाली, "भीमाबाई. नळदुर्ग. उजवा पाय भाजलाय."

तिसऱ्या दिवशी नळदुर्गहून एक बाई आली. उजवा पाय भाजलेला. नाव विचारलं, तर भीमाबाई.

आमचे डॉक्टर हसले. "काशीबाई, पेशंट आधीच ठरवून ठेवता व्हय?"

*

पुढच्या वेळी तिनं नावच गाळलं. "म्हातारा गडी. डाव्या हाताला विंचू चावलाय."

संध्याकाळी म्हातारा आला. हात डावाच. शुद्ध नव्हती, सोबत कुणी नव्हतं. पहाटे तो गेला. रजिस्टरात नावाची जागा कोरीच राहिली.

*

काशीबाईनं तोंड मिटलं. "मी बोलले की माणूस दुखणं घेऊन येतंय, बाई."

यमुनाबाई चादर ताणत म्हणाल्या, "तू गप बसलीस म्हणून माणसं यायची राहत्यात व्हय? सोमवारी मुआयना हाय."

*

सोमवारी यमुनाबाईंनी आपल्या वर्गाची रीत सांगितली, तसे बडे डॉक्टर नेमके त्याच रिकाम्या खाटेपाशी थांबले. "बोलो बाई, मरीज का क्या हाल है?"

काशीबाईनं खाटेची चादर सारखी केली. यमुनाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग एकदम, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा काशीबाईचा आवाज आला. "रखमाबाई, भूमच्या. ताप उतरलाय, जेवण जातंय. उद्या दुपारी घरी सोडायचं."

साहेबांनी उभ्या उभ्याच कागदावर सही केली. काशीबाईला वॉर्डाचा चार्ज मिळाला, खोली राहिली. आम्हीही निवांत झालो. बरा झालेला रोगी कशाला दवाखान्यात येतोय?

*

मंगळवारी दुपारी दारात बैलगाडी उभी राहिली. भूमची वाट तीन दिवसांची; बैलांच्या तोंडाला फेस होता. गाडीतून एक म्हातारबाबा उतरले.

"रखमाला न्यायला आलोय. आज सोडणार ना?"

काशीबाईनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती आत गेली. कोपऱ्यातल्या खाटेला पडदा लावल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"दहा मिनिटं बसा, बाबा," ती म्हणाली. "लुगडं नेसायल्यात."