पाकिटावरचं हसू

उल्हास देवस्थळींचा हसतानाचा फोटो जगात एकच होता. लखनौच्या महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेत, चिटणीस शरदरावांच्या अहवालातली सतरावी चूक त्यांनी काढली, त्या परमानंदाच्या क्षणी कुणीतरी तो टिपला. रेल्वेच्या संशोधन संस्थेत तीस वर्षं रुळांतल्या भेगा शोधल्यावर माणसाला जिकडेतिकडे भेगाच दिसणार. निवृत्त होऊन मानक नगरचं क्वार्टर सोडलं, सरोजिनी नगरात फ्लॅट घेतला, आणि एकच छंद उरला: भांडण. भाजीवाला, लिफ्टवाला, सोसायटीचा सेक्रेटरी. सकाळचं भांडण चुकलं तर दिवसभर पोट जड.

तोच फोटो मुलीने, जुईने, आईच्या थालिपीठ भाजणीच्या पाकिटावर छापला. 'हसरे काका भाजणी'. जुई जाहिरात कंपनीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

"अगं, भाजते तुझी आई. माझं थोबाड कशाला?"

"बाबा, लोग आटा नहीं, चेहरा खरीदते हैं. और अब लड़ाई बंद."

"बंद म्हणजे?"

"कोल्ड्रिंक के ऐड वाला हीरो कभी लस्सी पीते दिखता है? किसी ने वीडियो बना लिया, तो मम्मी का काम ख़त्म!"

इथे देवस्थळी अडकले. पंचवीस वर्षं शेजाऱ्यांना फुकट वाटलेली बायकोची, गीताबाईंची भाजणी आता कुठे दुकानांत पोचली होती.

रिक्षावाल्याने अर्ध्या रस्त्यात उतरवलं, काका हसले. पिशवीत किडकी वांगी आली, काका हसले. गाल ठणकू लागले. संध्याकाळी बाथरूमचा नळ सोडून ते आरशाशी भांडत. बाहेरून गीताबाई म्हणत, "अहो, हळू. शेजारचे आपलं गिऱ्हाईक आहेत."

एकदा दोघं चादरी घ्यायला अमीनाबादच्या बाजारात गेली. एका दुकानाच्या फळीवर देवस्थळींना स्वतःचाच चेहरा दिसला, पण किंचित तिरळा. पाकीट नकली होतं!

"अरे, चाचा ख़ुद!" दुकानदार आशिष हरखला. "एक सेल्फ़ी हो जाए." त्याने नकली पाकीटच त्यांच्या हातात दिलं. गर्दी जमली, फोन वर झाले. काका हसले.

गीताबाईंनी पाकीट फोडून हुंगलं. "यात धणे नाहीत हो. न भाजताच दळलंय. लोक म्हणतील, गीता असलं करते." त्यांनी पाकीट देवस्थळींच्या नाकाशी धरलं. "आता तरी हसू नका."

एवढंच हवं होतं. "धनिया कहाँ है?" अशी जी डरकाळी फुटली, ती अकरा मिनिटं थांबली नाही. आशिषने निम्म्यातच सगळी पाकिटं उतरवून ठेवली. त्या रात्री देवस्थळी बाळासारखे झोपले.

सकाळी व्हिडिओ शहरभर झाला होता. देवस्थळी मान खाली घालून बसले. जुई नाचत आली. "ऑर्डर डबल! नया पैकेट, नया नाम: खडूस काका. बाबा, अब मुस्कुराना बंद!"

मग काय, भाजीवाला मुद्दाम किडकी वांगी घालून म्हणे, "काका, ज़रा डाँटिए ना, हमारी बिटिया वीडियो बना रही है." ते ओरडत, लोक टाळ्या वाजवत. कुणी उलटून बोलेना. समोरचा हात जोडून खूश होत असेल, तर भांडायचं तरी कुणाशी?

शेवटी आशा उरली मंडळाच्या सभेची. शरदरावांचा अहवाल, पान दुसरं. गेल्या वर्षीचा गणेशोत्सव तेरा दिवसांचा! देवस्थळींच्या पोटातून हसू उसळलं, गळ्यापर्यंत आलं. पहिल्या रांगेतून जुईने फोन धरून नकारार्थी बोट नाचवलं. त्यांनी हसू गिळलं आणि भुवया आक्रसल्या.

शरदराव प्रेमाने त्यांच्या कानाशी वाकले. "सापडली ना? तुमच्यासाठीच ठेवली होती, काका. होऊन जाऊ द्या."