सरस्वतीच्या चकत्या

पडदा वर जातो. रामाकोना गावातलं शेणानं सारवलेलं अंगण. दोरीवर भलंमोठं कापड ताणलेलं आणि त्यावर अर्धं अरण्य. उरलेलं अर्धं एका किडकिडीत माणसाच्या हातातल्या डब्यात, तळाशी खरवडून राहिलेल्या हिरव्या रंगात.

हा आमचा मोरेश्वर मास्तर. सौंसरच्या शाळेत चित्रकला शिकवायचा आणि आमच्या नाटक मंडळीचे पडदे रंगवायचा. त्याच्या अरण्यात मी राजा होऊन हिंडलो, त्याच्याच तुरुंगात मेलो. टाळ्या मला मिळत. पण पडदा उघडताच जी पहिली 'वाहवा' उठायची, ती त्याची असे.

साल त्र्याऐंशी. शाळेत रंग नव्हते. पोरं कोळशानं आणि विटकरीनं चित्रं काढत. हेडमास्तर श्रीधरराव माणूस वाईट नव्हते, पण एक दिवस बोलले, "मास्तर, बिनरंगाचा तास कायले चालवता? सव्वीस जानेवारीले भिंतीवर रंगीत चित्रं दिसली तर ठेवतो. नाही तर तास गणिताले."

त्या तासाशिवाय मास्तरला दुसरं आयुष्य नव्हतं.

तेवढ्यात एका अगरबत्ती कंपनीनं जाहीर केलं : पुड्यावरच्या गोल सरस्वतीच्या चकत्या कापून थैलीभर पाठवा, शाळेला रंगपेट्या फुकट. मुदत दिवाळीपर्यंत. मग काय विचारता! शालिकराम नावाचा पोरगा बुद्धविहारातले रिकामे पुडे आणायचा, कोणी देवळातले. यमुना तर पुडा लवकर संपावा म्हणून घरी मूठमूठ काड्या पेटवायची. तिची आजी खोकत ओरडायची, "अवं, घर हाय का वीटभट्टी? मले जित्तीच धूप देऊन राहिली!" बाजारात लोक चिडवायचे, "मास्तर, दुकान कधी टाकता?" मास्तर हसायचा आणि त्यांच्याकडूनही पुडा घ्यायचा.

शाळेत उंदीर फार. म्हणून भरलेली थैली त्यानं रामाकोन्याला घरी आणून खुंटीला टांगली.

दिवाळीच्या तोंडावर मी पडद्याची निकड लावायला रामाकोन्याला गेलो होतो. मास्तर सौंसरहून मांजरपाट आणि सुई-दोरा घेऊन आला. पार्सल शिवून दुसऱ्या दिवशी टपालात टाकायचं होतं. तोच शेवटचा दिवस. त्यानं खुंटीकडे हात नेला. खुंटी मोकळी.

"माय, इथली थैली कुठी हाय?"

त्याची आई पंचफुलाबाई पांढऱ्या मातीनं भिंत पोतारत होती. मागं न बघताच म्हणाली, "सोडून आली न कन्हानमाईत."

"काय सोडलं?"

"अरे, सरस्वती होय ते! कोण्या मेल्यानं देवीले कैचीनं कापलं, थैलीत कोंबलं, अन् खुंटीले टांगलं. दिवाळीत लक्ष्मी घरात येईन, अन् तिले काय फासावरची सरस्वती दाखवू? फुटक्या तसबिरीसंग हळद-कुंकू वाहून सोडली. हात जोडून म्हटलं, माय, माह्या पोराच्या शाळेवर नजर ठेव."

आमच्याकडे देवाचं चित्र केरात टाकत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. म्हातारीनं जन्मभर केलं तेच केलं होतं.

आम्ही दोघं नदीवर धावलो. काठच्या लव्हाळ्यात चार-दोन चकत्या अडकल्या होत्या. मास्तरनं एक उचलली, तर तिचा बोटातच लगदा झाला.

परतलो तेव्हा पंचफुलाबाई दारात उभी होती. "चुकलं का रे माह्यं काही?"

"नाही माय. बरं केलं तू."

शाळेत त्यानं एवढंच सांगितलं, "थैली हरवली." मी म्हणालो, "अरे, खरं काय ते सांग." तर म्हणाला, "गाव मायले जगू देईन का?" पोरांना ते पटलं नाही. मास्तरनं चकत्या विकल्या, असं कोणीतरी उठवलं आणि ते चिकटलं. यमुनेनं त्याला नमस्कार करणं सोडलं. सव्वीस जानेवारीला भिंतीवर नुसता चुना होता. तास गणिताला गेला, आणि मास्तर पाढे घोकवू लागला. आमचं अरण्यही अर्धंच राहिलं; त्या वर्षी मी पांढऱ्या चादरीपुढे वनवास भोगला.

काही वर्षांनी मंडळी बंद पडायला आली, तेव्हा शेवटच्या प्रयोगासाठी मी कोरं कापड घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं कापडाला हात लावला नाही. चहा दिला. पंचफुलाबाईला आता फारसं दिसत नव्हतं. ती चाचपडत आली आणि अगरबत्तीचा रिकामा पुडा त्याच्यापुढे धरून म्हणाली, "मोरेश्वरा, अख्खा ठेवला बरं. तुह्या शाळेच्या कामी पडते का पाह्य."

पुड्यावरची सरस्वती केव्हाच गेली होती, तिथं कमळ छापलेलं होतं. मास्तरनं पुडा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तिच्या हातात परत दिला. मी कापड काखेत मारून उठलो. पुढच्याच उन्हाळ्यात तो गेला. त्या दिवशी कापड घेऊन निघताना उंबरठ्यावर माझ्या कानी पडले ते त्याचे शेवटचे शब्द :

"आता फूलच हाय, माय. चुलीत टाक."