साडूंनी दाखवलेलं घरटं

आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात सर्वांत महागडा कॅमेरा माझ्या साडूंकडे आहे आणि सर्वांत निरुपयोगी फोटोही तेच काढतात. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये ते कापूस तोलायच्या काट्यावर असतात. सुट्टीच्या दिवशी मात्र गळ्यात हातभर लेन्स अडकवून रानोमाळ हिंडतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला फोटोग्राफर ऐनवेळी आला नाही, म्हणून ते काम आम्ही त्यांच्याकडे दिलं. अल्बममध्ये मुलगी एकदा आली, जावई अर्धा आला आणि मांडवाच्या दोरीवर बसलेला शिंजीर पक्षी पानोपानी आला. बायको आठ दिवस सख्ख्या बहिणीशी बोलली नाही. साडूंचं म्हणणं एवढंच, की पाहुणे पुन्हा भेटतात, तो उजेड पुन्हा भेटत नाही. एकदा आभाळातून करकोच्यांची रांग चालली होती, तर हे भरल्या गाड्या काट्यावर सोडून छपरावर चढले आणि खाली खोळंबलेल्या लोकांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साडूंना त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

बरं, फोटो असा काढतील की बघणाऱ्याने गप्प व्हावं. पण त्याने ‘कुठे काढला?’ विचारलं, की हे गप्प. एका बड्या साहेबाने फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी ‘सावलीत’ असं उत्तर दिलं. जसं काही गुप्तधनच सापडलंय, असं मी त्यांना चारचौघांत चिडवायचो. त्यावर ते चिडत नसत. फक्त एकदा म्हणाले, “पाखराचा पत्ता सांगनं म्हंजे त्याच्या घराची कडी काढून देनं हाय, भाऊ.”

अशा माणसाने गेल्या जूनमध्ये मला आपण होऊन गाडीवर बसवलं आणि मोताळ्याच्या पुढे एका नाल्यात नेलं. करंजाच्या गर्द फांदीवर वाटीएवढं घरटं होतं आणि त्यात स्वर्गीय नर्तक बसला होता, नर. त्याची ती पांढरीशुभ्र लांब शेपटी घरट्याबाहेर लोंबत होती. साडूंनी चार फोटो काढले आणि म्हणाले, “चाला आता. त्यालेही कामं हायेत.” त्यातला एक फोटो त्यांनी मला पाठवला. दुसऱ्या कोणाला असा मान दिल्याचं मला आठवत नाही.

मी तो आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथे कोणी डॉक्टर, कोणी इंजिनिअर. मी पंचायत समितीतला कारकून, मला सणासुदीलाही कोणी विचारत नाही. त्या दिवशी मात्र सगळे विचारू लागले. कुठे, कसं जायचं? मी फुशारलो. नाला सांगितला, पूल सांगितला, पुलापासून कोणत्या हाताला वळायचं तेही सविस्तर लिहिलं. शिक्षण वाया गेलं नाही असं वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो तर पुलावर गाड्यांची रांग. नाल्यात ट्रायपॉड उभे होते. फोटोत पानं आडवी येतात म्हणून कोणीतरी घरट्याभोवतीच्या फांद्या कोयत्याने साफ छाटल्या होत्या. भर उन्हात घरटं उघडं पडलं होतं. पिल्लं निपचित, मुंग्या लागलेल्या. नर्तकाचा पत्ता नव्हता. एवढ्यात ग्रुपमधल्या कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं आणि एक अनोळखी गृहस्थ हसत माझ्याकडे आले. म्हणाले, सर, तुमचा मेसेज आमच्यापर्यंत फिरत आला, पत्ता एकदम करेक्ट होता, थँक्यू.

साडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा सोडला, खाली पडलेली एक पानांची फांदी उचलली आणि ती त्या पट्ट्याने घरट्यावर सावली पडेल अशी बांधू लागले. कोणासाठी, ते त्यांनाच ठाऊक. मला ते बघवेना. मी म्हणालो, भाऊ, मला शिव्या द्या. ते गाठ मारत म्हणाले, “तुमाले काऊन देऊ? तुमाले मीनंच आनलं ना अठी.”

तेव्हापासून त्यांच्या वागण्यात काडीचा फरक नाही, आणि हेच मला सोसत नाही. दिवाळीला येतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात, कापसाचा भाव सांगतात. पाखरांविषयी चकार शब्द नाही. एकदा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

परवा अंगणातल्या शेवग्यावर एक निळसर पाखरू येऊन बसलं. मला राहवलं नाही, साडूंना फोन लावला. रंग सांगितला, चोच सांगितली. हा माणूस नुसत्या शिळेवरून पाखरू ओळखतो.

“असंन एखादं,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन मेव्हणीकडे दिला. मी तिच्याशी बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिलो. पाखरू अजून शेवग्यावरच होतं.