वहिनीच्या पायाची पट्टी

माझा भाऊ बाळा जेवायला बसला की वनमालावहिनी आपले पाय साडीत ओढून घ्यायची. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं होतं, लालबुंद, आणि अंगठा शेजारच्या बोटावर चढला होता. "ते पाय आत घे गं, घास उतरत नाय माझा," असं तो बांगड्याचा काटा चोखत माझ्यादेखत म्हणाला होता. मला किळस आली ती त्याची.

वहिनी बोरिवलीच्या एका साड्यांच्या शोरूममध्ये कामाला. सकाळपासून उभं राहायचं, तेही टोकदार काळ्या बुटांत, कारण मालकाला स्टाफ 'स्मार्ट' दिसायला हवा. बाळाची कंपनी बंद पडल्यापासून कांदिवलीचं ते घर ह्याच पायांवर चाललं होतं. दुपारी कपाटामागे जाऊन, बूट काढून ती रडायची. हे तिने मला सांगितलं, नवऱ्याला नाही.

मीच तिला अंधेरीच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मोठी चीर द्यायची नाही, त्या म्हणाल्या. बारीक छिद्रं पाडून आतलं हाड कापायचं, अंगठा सरळ करायचा आणि वरून पट्टी बांधायची. त्याच दिवशी जाड तळाच्या खास चपलेवर चालत घरी. "आत स्क्रू नाही, तेव्हा ही पट्टीच हाड धरून ठेवणार," त्यांनी बजावलं. "मी सोडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." ऑपरेशनसाठी पायातली जोडवी तेवढी उतरवावी लागली. मालकाने तिची जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. दिवाळीच्या गर्दीला ती उभी राहिली नाही, तर दुसरी बाई घेणार होता.

ऑपरेशन छान झालं. पण ती बारीक छिद्रंच वहिनीला नडली. "टाके नाय, काय नाय. ह्येका काय ऑपरेशन म्हणतत?" असं माझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. बाळा खाली नाक्यावर सांगायचा, "दोन भोकं पाडलीत यार. नुसती नाटकं." पायाला काही झालेलंच नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं.

तेवढ्यात गौरी आल्या. आमच्याकडे गौरीला ओवसा असतो, घरच्या सवाष्णी सुपं भरून गौरीपुढे ओवाळतात. आईची नजर वहिनीच्या पायांवर गेली. "सवाष्णीचे पाय असे बोडके? माझो झील बाळा जिवंत आसा ना?" वहिनी नको नको म्हणत होती. आईने पाय धरला आणि बाळाने मासे साफ करायच्या कात्रीने पट्टी कापली. सुजलेल्या बोटात तेल लावून जोडवी दाबून बसवली, छिद्रांवर हळद थापली आणि वरून जुनं फडकं गुंडाळलं. मग तिला सूप घेऊन उभी केली. माझ्याच माणसांनी केलं हे, सांगतानाही तोंड कडू होतं.

गणपती गेल्यावर मी मुलुंडहून भेटायला गेले. दार उघडताच वास आला. पट्टीचं काय केलं ते वहिनीने तेव्हा सांगितलं. फडकं सोडलं, तर हळदीच्या चिखलात पू, मांसात रुतलेली जोडवी आणि अंगठा पुन्हा शेजारच्या बोटावर चढलेला.

"शी! झाक ना ते, दर्शना," बाळा नाक धरून म्हणाला. "घरात आताच देव होता."

"तुझ्याच हातचं काम आहे," मी म्हटलं. "बघ की नीट."

तसंच तिला रिक्षात घालून अंधेरी गाठलं. बाळाही आला, तोंड पाडून. डॉक्टरीणबाईंनी एक्सरे पाहिला. हाड सरकलं होतं. आधी जखम भरायला हवी, मग पुन्हा ऑपरेशन.

"मॅडम, दिवाळीला उभी राहीन ना?" वहिनीने विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. वहिनी रडली नाही, एक्सरेकडे बघत राहिली.

जोडवी निघेनात. सिस्टर कटर घेऊन आली, तसा बाळा पुढे धावला. "कापू नका हां! अपशकुन असतो. साबण लावून बघा ना."

लग्नापासून त्याच्यासमोर आवाज न चढवलेल्या वहिनीने तो सुजलेला, घाण वास मारणारा पाय साडीतून बाहेर काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"कापा सिस्टर," ती म्हणाली. "आणि तुकडे ह्यांच्या हातात द्या. नवरा जिवंत आहे का असं कुणी विचारलं, तर हे स्वतः जाऊन सांगतील."