कोऱ्या सोळा ओळी

नव्वदच्या दशकात मी धसईच्या शाळेत शिकवत होते आणि आम्ही चार मित्रमैत्रिणी मिळून एक छोटं मासिक काढत होतो. शंभरेक वर्षांपूर्वीच्या अराज्यवादी, म्हणजे कुठलंच सरकार नको म्हणणाऱ्या क्रांतिकारकांची पत्रं मी त्यासाठी मराठीत आणायचे. परमुलखात लपूनछपून राहणारी ही माणसं एकमेकांना लिहीत काय, तर कागद मिळाला का, छपाईचे खिळे कमी पडताहेत, अंक सरहद्दीपार कसा न्यायचा! पोटाला नसलं तरी अंक निघालाच पाहिजे. वाचताना मी थक्क व्हायचे. आम्हाला मेलं घरचं खाऊनही वेळेवर अंक काढणं जमत नव्हतं.

मासिक मुरबाडच्या एका छापखान्यात छापलं जाई. तिथले कंपोझिटर काका एकेक खिळा हातानं जुळवायचे. त्यांच्या वस्तीत सगळ्यांत आधी शिकलेले तेच, त्यामुळे एकेकाळी घरोघरची पत्रं त्यांनीच वाचून दाखवली होती.

एकदा मी एका क्रांतिकारक बाईनं तुरुंगातल्या मैत्रिणीला लिहिलेलं पत्र छापायला दिलं. आधी सगळी अंकाची कामं, आणि शेवटी सोळा ओळी स्वतःच्या गेलेल्या मुलाविषयी. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी त्या सोळा ओळींवर घालवली होती. प्रूफही स्वतः तपासलं. अंक हातात आला आणि माझं डोकंच फिरलं. वरचा मजकूर जागच्या जागी, खाली सोळा ओळींची जागा कोरी.

तडक मुरबाड गाठलं. "काका, हे काय केलंत?"

"जुळवल्या व्हत्या बाई. मंग काढल्या, खिळे परत खणात टाकले. तिनंच लिवलंय ना खाली, पोराचं हे वाचून झालं का जाळून टाक?"

"अहो, ती जाऊन किती वर्षं झाली! इंग्रजीत पुस्तकात छापलंय ते."

"त्यांनी छापलं, ते त्यांच्यापाशी. आमी इतक्या लोकांची पत्रं वाचली, पन एकाचं दुसऱ्याला कदी सांगितलं नाय. मानूस मेला म्हनून त्यानं सांगितलेलं सरतं काय?"

तिच्यावर ग्रंथ लिहिणारे विद्वान, तिची पत्रं छापणारे प्रकाशक आणि तिचे गोडवे गाणारी मी, आम्ही कुणीही तिचं एवढंसं ऐकलं नव्हतं. अराज्यवाद हा शब्द मी आणण्याआधी काकांच्या कानावरही पडला नव्हता. त्या माणसापुढे मान आपोआप खाली गेली.

छापखान्यातून परत आणलेले त्या सोळा ओळींचे कागद घरी येऊन मी चुलीत घातले. नक्कल ठेवलेली नव्हती. इतकं चांगलं भाषांतर माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही.