वहिनीचं उत्तर इंग्रजीत

दिल्लीच्या विद्यापीठातून एक बाई आसेगावात आल्या तेव्हा मी सुट्टीला घरी होते. आम्ही बौद्ध झालो त्याला वीसेक वर्षं होत आली होती. त्यानंतर आमच्या घरांतली नाती कशी बदलली, बायका कुणाला जीव लावतात, असा त्यांचा अभ्यास. त्यांना मराठी येत नव्हतं आणि वस्तीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच, म्हणून दुभाषी मी झाले. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मला ते काम आवडलं. त्यात स्वतःचं काही बोलायचं नव्हतं.

शेजारच्या वहिनीची पाळी आली तेव्हा मी निर्धास्त होते. दर सुट्टीतली माझी दुपार तिच्या ओसरीवर जायची. तिच्या मनातलं मला सगळं माहीत आहे, असं मी धरून चालले होते.

नवऱ्याखेरीज कधी कुणावर मन बसलं का, असं बाईंनी विचारलं. तुरीची डाळ निवडता निवडता वहिनी सांगत गेली. शिरपूरची एक मैत्रीण, लग्नाआधीची. दोघी एका ताटात जेवत, एका वाकळेत झोपत. ती सासरी गेली तेव्हा हिने चार दिवस अन्न घेतलं नव्हतं. पुढे नवऱ्यावरही तितकाच जीव जडला, आणि त्याला हे सगळं ठाऊक होतं. वंदनेत पंचशील म्हणताना तिसऱ्या, व्यभिचार न करण्याच्या शीलापाशी ती पुष्कळदा अडखळली होती. पण कुणाला फसवलं नाही, म्हणजे ते मोडलं नाही, असं तिने ठरवलं. मैत्रीण अजून दर पावसाळ्यात, माझी सुट्टी संपल्यावर, येऊन दोन दिवस राहते, असंही म्हणाली.

मला तिने यातलं कधीच काही सांगितलं नव्हतं. आणि या परक्या बाईला पहिल्याच भेटीत? माझे कान तापले. ती मैत्रीण माझ्यापेक्षा देखणी असेल, मोकळं हसत असेल. मी इंग्रजीत एवढंच म्हटलं की हिला पूर्वी एक चांगली मैत्रीण होती. बाईंनी अर्धी ओळ लिहिली.

वहिनीने सूप खाली ठेवलं. "मी इतकं बोलली, तू एवढुसंच काहून सांगतलं? तुमची इंग्रजी लय आखूड हाय का?"

"सांगून राह्यली ना."

"मंग पुरं सांग. नवराबी खरा, थे बी खरी. दोन्ही लिवू दे बाईले."

मग मी ताट, वाकळ, उपास, शील, नवरा, सगळं सांगितलं. बाईंचं पान भरलं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. बोलणं पुरेसं लांबल्यावर तिने मान हलवली आणि सूप परत मांडीवर घेतलं.

मैत्रीण अजून येते, हे मात्र मी सांगितलं नाही.