अंधार पाडून जिंकलेला डाव

खटपट्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण विज्ञान संग्रहालयात दुसऱ्या नावानं हाक मारली तर तो मागं वळूनही बघत नसे. ऊर्जेच्या दालनासाठी खेळ तयार करणं हे त्याचं काम. यंदा त्यानं जीव ओतून एक टेबल बनवलं होतं. काचेवर उजळणारं गाव आणि हाताळायला लाकडी ठोकळे. पवनचक्की ठेवली की चार खिडक्या उजळत. कोळसा ठेवला की गल्लीभर लखलखाट, पण वर धुराचा ढग. धूर कमी ठेवेल तो जिंकला.

चाचणीला घरचीच माणसं बोलावली. आत्यानं खुर्ची ओढली, ठोकळे निरखले आणि हाताची घडी घालून बसली.

"आत्या, खेळ ना!"

"खेळतेच आहे."

वेळ संपली. गाव काळंकुट्ट, धूर शून्य. टेबलानं टाळ्या वाजवून तिचं अभिनंदन केलं.

"सोपा आहे रे," आत्या म्हणाली. बघायला आलेल्या संग्रहालयाच्या संचालक बाई हसून बेजार झाल्या. खटपट्याचं तोंड मात्र एवढंसं झालं.

मग त्यानं अंधाराला दंड लावला. तर लोक निमूट कोळसा ठेवून मोकळे! खेळ काही रंगेना. जेवताना घास हातात धरून तो भिंतीकडे बघत बसायचा.

एका सुट्टीच्या सकाळी बायकोनं ओव्हन लावला, लेकीनं केस वाळवायचं यंत्र आणि यानं इस्त्री. फट्! घरातली वीज गेली.

"माझा केक बसला! इस्त्री तुम्हाला आत्ताच सुचायची होती?"

"आणि माझे अर्धे केस ओलेच," लेक ओरडली.

"अगं, केक दुपारी केला तर काय बिघ..." वाक्य अर्धं सोडून तो थबकला आणि खुदकन हसला. "भांडा, भांडा, थांबू नका!"

"बाबांना शॉक बसला का गं?" लेकीनं आईला विचारलं.

नव्या टेबलाला चार बाजू होत्या: दवाखाना, शाळा, बेकरी आणि सिनेमागृह. प्रत्येकाचं काम पार पडायला हवं, पण वीज चौघांत मिळून एकच: ऊन-वारा देईल तेवढी, कमी पडली तर धुराचा कोळसा.

दालन खुलं झालं त्या दिवशी खटपट्या खांबाआडून बघत होता. बेकरीवर एक टकलू गृहस्थ, सिनेमाला एक आजीबाई. दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते.

"चुलीत गेला तुमचा सिनेमा! लोकांना पाव नको?"

"मग भाजा की भर दुपारी! ऊन आहे तोवर वीज भरपूर. संध्याकाळी कशाला माझ्या पडद्यावर डोळा?"

गृहस्थांनी डोकं खाजवलं, बेकरी दुपारवर सरकवली. संध्याकाळी वारा पडला तरी सिनेमा झाला, दवाखाना चालला, धूर नावाला. खांबाआड खटपट्याला इतकं भरून आलं की चष्मा पुसावा लागला.

दिवे मालवायची वेळ झाली. रखवालदार दारात किल्ल्या वाजवत उभा. गृहस्थ उठता उठता म्हणाले, "उद्या किती वाजता उघडता? आता मला दवाखाना हवाय."

"नंबर लावा," आजीबाई म्हणाल्या.